नावेच्या तळात पुन्हा पुन्हा तेल साचतं? पुसण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं. यातली दोन-तीन जरी तुमच्या नावेत दिसत असतील तर पुढचं वाचा.

- तळातलं पाणी उपसून टाकलं की नावेमागे रंगीत तवंग पसरतो.
- फळ्यांवर पाय घसरतो, चपलेला काळं लागतं.
- सारं पुसून कोरडं केलं तरी दोन-चार दिवसांत तळ पुन्हा काळा होतो.
- सकाळी नाव सोडताना डिझेलचा वास येतो, किंवा व्यापारी म्हणतो की रोहूला वास मारतो.
- इंजिनातल्या ऑइलची काडी दर खेपेला थोडी खाली दाखवते. काही नावांत ती वर दाखवते, आणि ते जास्त वाईट आहे.
- तळातला बॅटरीवरचा पंप अडकतो, त्याचा फ्लोट चिकटून बसतो.

मी पवनी भागातला डिझेल मिस्त्री. आधी फक्त शेतातल्या पंपांची इंजिनं करायचो. गोसेखुर्द धरणाचं पाणी चढलं, वैनगंगेचा काठ शेतांपर्यंत आला आणि नावेची इंजिनंही माझ्याकडे येऊ लागली. तेव्हापासून सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच: "मिस्त्री, काल तर सारं साफ केलं होतं, आज पुन्हा तेल काहून आलं?"

उत्तर बहुतेक वेळा एकच निघतं. तेल पुसलं, पण ते कुठून येतं ते पाहिलं नाही. म्हणून मी कुठल्याही नावेवर गेलो की आधी पाना काढत नाही, कागद काढतो.

तेल कोणतं आहे ते ओळखा (खर्च काही नाही)

तळात बोट बुडवून एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका आणि पाच मिनिटं थांबा. डिझेल असेल तर कागदावर मोठा, पारदर्शक डाग पसरतो, मधे काळं काही राहत नाही आणि वास ओळखू येतो. इंजिन ऑइल असेल तर मधे काळा ठिपका बसतो आणि कडेने तेलकट गोल उमटतो. इंजिनात डिझेल जळून काजळी होते, ती ऑइलमध्ये मिसळते, म्हणून ते काळं पडतं. गिअरबॉक्समध्ये काजळी नसते. त्यामुळे तुम्ही दोन्हीकडे एकाच डब्यातलं ऑइल भरलेलं असलं, तरी गिअरबॉक्समधून गळणारं ऑइल पिवळसर किंवा तपकिरीच दिसतं. मागच्या बाजूला शाफ्टजवळ (नावेचा पंखा फिरवणाऱ्या दांड्याजवळ) घट्ट, चिकट गोळे दिसले तर ते ग्रीस आहे.

या एका थेंबाने अर्धं काम होतं. डिझेल निघालं तर इंजिनाच्या सीलकडे (फिरत्या दांड्याभोवती ऑइल अडवणाऱ्या रबराकडे) बघायची गरजच नाही, पाइप आणि टाकी बघा. एका नावेचे मालक दोन ऑइल सील बदलून माझ्याकडे आले होते. तळात होतं ते निव्वळ डिझेल, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलवरून टाकीकडे परत जाणाऱ्या बारीक पाइपातून ठिबकणारं.

किती आहे ते डोळ्याने ठरवू नका

तेल पाण्यावर फार पातळ पसरतं. रंगीत तवंग मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असू शकतो. त्या हिशेबाने एक लिटर तेल पाऊण एकराहून जास्त पाणी झाकू शकतं. म्हणून अर्धा कप ऑइल सांडलं तरी अख्खा तळ काळा दिसतो आणि माणूस घाबरतो. उलटंही होतं. सेकंदाला एक थेंब गळतोय म्हणजे काय मोठं, असं लोकांना वाटतं. मी मोजून पाहिलं आहे: साधारण ३० थेंबांना एक मिलिलिटर भरतो. सेकंदाला एक म्हणजे तासाला ३,६०० थेंब, म्हणजे १२० मिलिलिटर. पाच तास नाव चालली की अर्ध्या लिटरच्या वर गेलं.

खरं मोजमाप काडीचं. नाव बांधलेली, रिकामी आणि सरळ असताना, सकाळी इंजिन सुरू करण्याआधी काडी बघा. माणसं एका बाजूला बसली की नाव कलते आणि काडी खोटं सांगते. आठ दिवस रोज वहीत लिहा. आणि काडीवरच्या वरच्या खुणेच्या पुढे ऑइल भरू नका. "गळतंच आहे तर थोडं जास्त टाकतो" हा विचार बऱ्याच नावांत गळतीचं कारण असतो. जास्तीचं ऑइल फिरणारा क्रँक उडवतो आणि ते ब्रीदरमधून (इंजिनातला दाब सोडणाऱ्या तोंडातून) बाहेर येतं.

साफ कसं करायचं, आणि धरणात काय टाकायचं नाही

तपासणीसाठी तळ आणि इंजिन कोरडं लागतंच, म्हणून साफसफाई इथेच सांगतो.

पहिली गोष्ट: हे पाणी मग्ग्याने उपसून धरणात टाकू नका. वैनगंगेचं पाणी भंडारा शहर पितं, काठावरची गावं पितात, जनावरं तिथेच उतरतात, आपली जाळी त्यातच पडतात. नागपूरची घाण नाग नदी आणि कन्हानमधून आधीच इथे येते. त्यात आपण भर घालायची नाही.

दुसरी गोष्ट: कपडे धुण्याची पावडर किंवा भांड्याचा साबण तळात ओतू नका. हे मी स्वतः बरीच वर्षं केलं. तळ चकचकीत व्हायचा आणि मला वाटायचं काम झालं. साबणाने तेल नाहीसं होत नाही, त्याचे बारीक बारीक कण होऊन ते पाण्यात मिसळतं. मग ते वर तरंगत नाही, कापसाने उचलता येत नाही, आणि उपसलं की सारं पाण्यात जातं. माशांच्या कल्ल्यांना साबणही वाईट आणि तेलही. हे कळल्यावर मी तो प्रकार बंद केला.

त्याऐवजी कच्चा कापूस वापरा. दवाखान्यातला पांढराशुभ्र कापूस नव्हे. त्याचं नैसर्गिक मेण धुऊन काढलेलं असतं, म्हणून तो आधी पाणीच पितो. सरकी काढलेल्या पण न धुतलेल्या कापसाच्या तंतूवर मेणाचा थर शिल्लक असतो. तो पाणी दूर ठेवतो आणि तेल धरतो. आमच्याकडे धान पिकतं, कापूस नाही, पण वर्धा-यवतमाळकडे सोयरे असतीलच. मी वर्षाला एक बोरी आणून ठेवतो. उन्हाळ्यात काटेसावरीची बोंडं फुटतात, त्यातला कापूस तर याहून चांगला. तो तरंगतो आणि तेलाशिवाय दुसरं फारसं काही उचलत नाही.

जुन्या मच्छरदाणीचा तुकडा घ्या, त्यात कापूस सैल भरून उशीएवढी पिशवी शिवा आणि इंजिनाखाली तळातल्या पाण्यावर रात्रभर सोडा. सकाळी ती जड आणि काळी झालेली असते. डब्यात पिळा, पुन्हा सोडा. मी दोन रात्री ठेवतो. बाजारात फक्त तेल शोषणाऱ्या पांढऱ्या चटया मिळतात, त्याही उत्तम, पण पिशवीने काम भागतं. कोरड्या फळ्यांवर सांडलेल्या तेलावर धानाचा कोंडा टाका आणि झाडून घ्या. पाणी असेल तिथे कोंडा नको, तो भिजून पंपाच्या तोंडात बसतो.

उरलेलं पाणी ड्रममध्ये भरून काठावर आणा. ड्रमला तळाशी तोटी असावी. एक रात्र स्थिर ठेवलं की तेल वर येतं. मग खालचं पाणी हळूहळू दुसऱ्या कापसाच्या पिशवीतून गाळून सोडा. बादलीत तवंग दिसला तर पुन्हा गाळा. दिसेनासा झाला की ते पाणी विहीर, बोअर आणि नाल्यापासून लांब मोकळ्या जमिनीवर सोडता येतं. समुद्रातल्या मोठ्या जहाजांवर याच कामासाठी यंत्र असतं आणि बाहेर सोडायच्या पाण्यात दहा लाख भागांत १५ भागांपेक्षा जास्त तेल चालत नाही. आपल्याकडे यंत्र नाही, ड्रम तर आहे.

वर आलेलं तेल आणि पिळलेलं ऑइल झाकणाच्या डब्यात साठवून, ज्या गॅरेजवरून जुनं ऑइल गोळा करणारा नेतो तिथे द्या. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल मोडतं, ते नोंदणी असलेल्या कारखान्यातच जायला हवं. वाळवीसाठी खांबांना फासणं, बंडीच्या चाकाला लावणं हे गावात सर्रास चालतं. मी सांगतो, नका करू. त्यात धातूची घाण असते आणि पहिल्या पावसात ती वाहून खाली येते.

तेलाच्या चिंध्यांबद्दल एक इशारा. लाकडी डोंग्याला जवसाचं तेल लावत असाल तर त्या चिंध्यांचा ढीग करून ठेवू नका. जवसाचं तेल हवेत वाळताना उष्णता सोडतं आणि ढिगाच्या आत आपोआप आग लागू शकते. चिंध्या दोरीवर एक-एक पसरून वाळवा, किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

आणि तळातला पंप आपोआप चालणारा असेल तर तेल असेपर्यंत तो हाताने चालवा, नाहीतर तो तेच तेल धरणात फेकतो. पण हे नावेवर माणूस हजर असेल तेव्हाच. रात्री बांधून घरी जाताना तो पुन्हा आपोआपवर ठेवा. नाव बुडाली तर टाकीतलं सगळं डिझेल पाण्यात जाईल.

कागद टाकून थेंब पकडा

आता इंजिन बाहेरून पुसा. डिझेलने धुऊ नका. ते तळात साचतं आणि दोन दिवस तुम्हीच टाकलेलं डिझेल तुम्हाला गळती वाटत राहतं. डिझेलची जराशी ओलसर चिंधी घ्या, खाली ट्रे ठेवा, मग कोरड्या कापडाने पुसा. इंजिनाखाली आणि गिअरबॉक्सखाली वर्तमानपत्राचे कागद पसरा, प्रत्येकावर पेनने जागा लिहा: पुढे, मधे, मागे, गिअर. नाव बांधलेलीच ठेवून पंधरा मिनिटं इंजिन चालवा, मग अर्धा तास बंद ठेवा. काही गळत्या चालू असताना दिसतात, काही थंड होतानाच.

कागद सांगतो थेंब कुठे पडला. तो कुठून निघाला ते वेगळं. तेल नेहमी खाली आणि मागे धावतं. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून निघालेलं ऑइल इंजिनाच्या अंगावरून उतरून फ्लायव्हीलजवळ टपकतं आणि सगळे मागच्या सीलला दोष देतात. म्हणून थेंबाच्या जागेवरून वर वर जा आणि ओलाव्याची सर्वांत वरची जागा शोधा. सापडत नसेल तर अंगाला लावायची पावडर स्वच्छ इंजिनावर भुरभुरवा, ओल आली की रेघ उमटते. रांगोळी वापरू नका. ती दगडाची भुकटी असते, सीलमध्ये शिरली तर सील कापते. फिरणारा पट्टा आणि पंखा यांच्याजवळ हात नेऊ नका, लुंगी किंवा गमछा लोंबकळता ठेवू नका.

मग हे या क्रमाने बघा

भरताना सांडतं का? खरं सांगतो, निम्म्या तक्रारी इथेच संपतात. हलत्या नावेत कॅनमधून डिझेल ओतताना थोडं बाहेर जातंच. नळीचं फनेल घ्या आणि खाली ट्रे ठेवा. फिल्टर बदलताना त्याच्याभोवती प्लास्टिकची पिशवी धरा.

फिल्टर आणि ड्रेनचा बोल्ट. नवा फिल्टर बसवताना जुनं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं तर दोन रबरं एकावर एक बसतात आणि इंजिन तापल्यावर धार लागते. ड्रेन बोल्टखाली तांब्याचा वॉशर असतो. तो दर वेळी नवा टाका. नवा नसेल तर जुना गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. तांबं मऊ होतं आणि पुन्हा नीट दबतं. बोल्ट आवळायला पाइप लावून जोर देऊ नका. चेंबरच्या (खाली ऑइल साठतं त्या भागाच्या) आट्या गेल्या तर मोठं काम.

डिझेलचे पाइप. प्रत्येक जोड कोरडा पुसून कागदाचा तुकडा लावा. पाइप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर, नोझलवरचा परतीचा पाइप, टाकीखालचा कॉक आणि रबरी नळ्या बघा. रबर वाकवून बघा, भेगा दिसल्या की बदला. नोझलकडे जाणाऱ्या जाड लोखंडी पाइपातून इंजिन चालू असताना गळत असेल तर बोट लावून तपासू नका. त्यात दाब इतका असतो की डिझेल कातडीच्या आत शिरतं. तशी जखम बारीक दिसली तरी लगेच दवाखान्यात जा आणि काय झालं ते डॉक्टरला नीट सांगा.

ब्रीदर. याकडे लोक बघतच नाहीत, आणि सांडण्याचं सोडलं तर मला सर्वांत जास्त वेळा इथेच दुखणं सापडलं आहे. इंजिन चालताना चेंबरमध्ये दाब तयार होतो, तो ब्रीदरमधून बाहेर जातो. ब्रीदर काजळीने तुंबला तर दाब दुसरी वाट शोधतो आणि चांगल्या सीललाही ओठातून ऑइल बाहेर काढायला लावतो. मग सील बदलता, आणि नवंही महिन्याभरात गळतं. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवा, वाळवा, होता त्याच दिशेने बसवा. नावेतलं एक इंजिन माझ्याकडे तिसऱ्यांदा आलं तेव्हा मी हे शिकलो. आता सील उघडण्याआधी ब्रीदर हातात घेतल्याशिवाय पुढे जात नाही.

पाण्याची जाळी. धरणात जलकुंभी माजली की तिची मुळं इंजिनाच्या पाण्याच्या जाळीत अडकतात. पाणी कमी जातं, इंजिन तापतं, ऑइल पातळ होतं, सीलचं रबर कडक होतं. बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली असेल तर आधी जाळी साफ करा.

टॅपेट कव्हर आणि बाजूची झाकणं. पॅकिंग फुगलं किंवा चिरलं असेल तर नवं बसवा. दोन्ही बाजू खरवडून स्वच्छ करा, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. कव्हर वाकलं असेल तर कितीही जेल लावलं तरी टिकत नाही.

शाफ्ट. शाफ्टवर नायलॉनच्या जाळ्याचा धागा गुंडाळला गेला की तो सीलमध्ये शिरतो आणि सुरीसारखा कापतो. आपल्या पाण्यात हे सतत होतं. इंजिन बंद करून, चावी खिशात घालून, नाव ढकलणाऱ्या पंख्याकडची बाजू बघा. आत ग्लँडमधून (शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या जोडातून) इंजिन चालू असताना मिनिटाला काही थेंब पाणी येणं ठीक आहे. दोरी भरलेल्या ग्लँडला तेवढा ओलावा लागतोच, पार कोरडी आवळली तर शाफ्ट झिजतो. पण नाव पाण्यात असताना ग्लँडचा नट पूर्ण उघडू नका. दोरी बाहेर आली तर पाणी आत येईल.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पेट्रोलचा वास आला तर. पेट्रोल इंजिन असलेल्या नावेत हा वास आला की इंजिन सुरू करायचं नाही, पंपाचं बटणही दाबायचं नाही, विडी-काडी नाही, स्टोव्ह नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळात बसून राहते आणि एका ठिणगीने पेटते. माणसं उतरवा, फळ्या उघडा, लांब व्हा आणि मिस्त्री बोलवा.

काडी वर चढत असेल आणि ऑइलला डिझेलचा वास असेल तर. बहुतेक वेळा टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा पडदा फाटून डिझेल चेंबरमध्ये जात असतं. ऑइल पातळ होऊन बेअरिंग जातं, आणि कधी इंजिन स्वतःचं ऑइल ओढून बेफाम धावतं, थ्रॉटल बंद करूनही थांबत नाही. असं इंजिन एकदाही सुरू करून बघू नका.

ऑइल ताकासारखं दुधाळ झालं असेल तर. त्यात पाणी गेलं आहे. हेड पॅकिंग, कूलर किंवा चिरलेलं हेड, यातलं काहीही असू शकतं.

ब्रीदर साफ असूनही, इंजिन चालू असताना ब्रीदरच्या तोंडातून भकाभका धूर येत असेल तर. पिस्टनच्या रिंगा किंवा पिस्टन ज्यात चालतो तो लायनर गेला आहे. बाहेरचं एकही सील बदलून उपयोग नाही.

मागचं क्रँक सील किंवा गिअरबॉक्सचं सील असेल तर. इंजिन किंवा गिअरबॉक्स उचलावा लागतो, आणि परत बसवताना शाफ्टची सरळ रेघ जुळवावी लागते. १०० मिलिमीटरच्या फ्लँजला (शाफ्ट जोडणाऱ्या चकतीला) ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही, आणि हे माप नाव पाण्यात असतानाच घ्यायचं, कारण काठावर ओढली की नावेचा आकार थोडा बदलतो. फट मोजायचं गेज नसेल तर हात लावू नका. रेघ चुकली की नवं सील पुन्हा कापलं जातं आणि तुम्ही परत पहिल्या लक्षणावर येता.

मिस्त्रीला बोलावताना काडीची वही आणि पेनने खुणा केलेले कागद जपून ठेवा, फेकू नका. आणि तो येण्याआधी इंजिन पुसू नका. माझा अर्धा दिवस त्याच ओल्या रेघेवर वाचतो.